समुद्र पाहायला चला: सिंधुदुर्गातली बाजाराची आणि किनाऱ्याची गावं

आपल्या मिहान भागातल्या गटांनी यंदा ठरवलं आहे की हिवाळ्यात समुद्र पाहायला जायचं. ठराव झाला त्याच दिवशी प्रश्नही सुरू झाले. कुठं जायचं, किती दिवस, घरी काय सांगायचं, पैसे कुठून काढायचे. एका घरच्या आजी तर म्हणाल्या, "पाणीच पाहायचं तर अंबाझरी काय वाईट आहे?" आजीचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. हजारभर किलोमीटर जायचं, घर-वावर-लेकरं चार-पाच दिवस दुसऱ्यांवर टाकायची, तर तिथून काय घेऊन येणार याचं उत्तर आपल्याजवळ पाहिजेच. म्हणून आजच्या भाषणात मी सिंधुदुर्ग जिल्ह्याची माहिती देते. मी तिथं दोनदा गेले आहे, एकदा प्रशिक्षणाला आणि एकदा घरच्यांसोबत.

गोवा नाही, मुंबई नाही, सिंधुदुर्गच का? एक तर भाषा आपली. मालवणी पहिल्या दिवशी कानाला वेगळी लागते, पण दुसऱ्या दिवशी समजायला लागते, आणि आपलं बोलणं तिकडच्या बायांना समजतंच. दुसरं म्हणजे जिल्हा लहान. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा, तालुके फक्त आठ. आतल्या बाजूला कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही बाजाराची गावं आणि किनाऱ्यावर देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदराची गावं. एका गावाहून दुसऱ्या गावाला एसटीनं तास-दीड तासात पोचता येतं. केंद्र सरकारनं १९९७ मध्ये याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. तिसरं कारण माझ्या मते सगळ्यांत मोठं आहे. या जिल्ह्यात बाहेरून आलेल्या माणसाला जेवू घालून, झोपायला खोली देऊन, होडीत फिरवून घर चालवणाऱ्या बाया आहेत. आपल्याकडेही आता परकी माणसं येतात. एम्समध्ये रुग्णासोबत आलेले नातेवाईक पाहा. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याकडून येतात, दोन-चार दिवस राहतात, घरच्या जेवणाला शोधत फिरतात. आपल्या गावांची जमीन प्रकल्पात गेली. वावर गेल्यावर बाईच्या हातात काय उरतं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक बैठकीत असतोच. तिकडच्या बायांनी त्याला आपल्या परीनं एक उत्तर शोधलं आहे, ते डोळ्यांनी पाहून यावं असं मला वाटतं.

आता जायचं कसं ते सांगते. नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी रेल्वे गेली काही वर्षं सोडते आहे. ती भुसावळ, नाशिक, पनवेल, रत्नागिरी करत कुडाळला थांबते. एक पूर्ण दिवस आणि रात्र गाडीतच जाते. विशेष गाडी म्हणजे तिची मुदत दर वेळी वाढवून मिळते, म्हणून आधी स्टेशनवर चौकशी करायची. नाहीतर मुंबईपर्यंत रोजच्या गाडीनं जायचं आणि तिथून रात्रीची कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडायची. दोन्ही गाड्या सकाळी आपल्याला कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात सोडतात. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. दहा-पंधरा जणींना एका डब्यात जागा हवी असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढा. ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं २०२० पासून बंद केली आहे, त्यामुळे आजींचंही पूर्ण तिकीट धरा. एसटीत मात्र २०२३ पासून आपल्या सगळ्यांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणून जिल्ह्यात फिरायला खासगी गाडी करण्याआधी एसटीचा हिशेब मांडून पाहा. घरून निघताना खापरीला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, की थेट नागपूर रेल्वे स्टेशन. सामान घेऊन ऑटोशी घासाघीस करायची गरज नाही.

विमानानं जायचं का, असंही एकीनं विचारलं. आपल्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, तर विचार येणारच. सिंधुदुर्गातही परुळे-चिपी इथं २०२१ पासून विमानतळ आहे. पण सध्या आपल्या खिशाला रेल्वेच बरी.

कुडाळला उतरलात तर लगेच किनाऱ्याकडे पळू नका. अर्धा दिवस इथंच काढा. बाजारात फिरा. आपल्या बुधवारी किंवा शनिवारी बाजारात कांदा, आलू, वांगी, तूर दिसते; इथं नारळ, सुपारी, केळी, उकडा तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी दिसेल. गंमत म्हणजे शब्द बदलतात. आपण ज्याला सांबार म्हणतो, त्या हिरव्या जुडीला इथं कोथिंबीर म्हणायचं. इथं सांबारं मागितलं तर काळ्या वाटाण्याची रस्साभाजी पुढ्यात येईल. आमच्या सोबतच्या एका मावशींनी बाजारात सांबार मागितला, तर विकणारी बाई त्यांना खानावळीचा रस्ता दाखवायला लागली. आठवडी बाजाराचा वार प्रत्येक गावाचा वेगळा असतो. जिथं मुक्काम करणार त्या घरच्या ताईला फोनवर आधीच विचारून घ्या आणि त्याप्रमाणे गावांचा क्रम लावा. रोजच्या बाजारात दुकानं दिसतात, आठवडी बाजारात मात्र आसपासच्या वाड्यांतून आलेल्या बाया दिसतात, आणि आपल्याला त्यांना भेटायचं आहे.

कुडाळजवळच पिंगुळी गाव आहे. तिथं ठाकर समाजाची माणसं चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला चालवत आली आहेत. कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगायची, अशी ती चित्रकथी. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्यांनी जुन्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं आहे. दाखवायला मोठी इमारत लागत नाही, हे तिथं कळतं.

सावंतवाडी हे संस्थानचं गाव. मधोमध मोती तलाव, काठावर राजवाडा. तलाव संध्याकाळी पाहा. पण तुम्हाला मी चितारआळीत नेऊन उभं करीन. ही आळी लाकडी खेळण्यांची. भातुकलीची भांडी, भोवरे, पाळण्यावरची चिमणाळी, आणि लाकडाचीच केळी, सीताफळं, वांगी, मिरच्या. ताटात मांडली तर पाहुणा हात घालेल अशी. पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करत. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं, असे १२० पत्ते असतात. ही कला संपत आली होती, तेव्हा राजघराण्यानंच कारागिरांना वाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली. पत्त्यांचा जोड महाग असतो. घ्या असं मी म्हणत नाही, पण काम करताना पाहा. एका पानाला किती वेळ लागतो हे पाहिल्यावर किंमत महाग का हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. आपल्या भरतकामाच्या पिशव्यांना गिऱ्हाईक "इतके पैसे?" म्हणतं ना, त्याला समोर बसून दोन टाके घालून दाखवायचं, हे मी तिथून शिकले.

सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट जवळ आहे. पावसाळ्यात तिथं सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या नागपुरात वर्षाला साधारण हजार-अकराशे. हिवाळ्यात धबधबे आटलेले असतात, त्यामुळे आपण यंदा तिकडे वळायचं नाही.

आता वेंगुर्ला. माझ्या मनातलं गाव हेच, म्हणून जरा जास्त सांगते. जुनं बंदर. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी इथं वखार घातली होती, तिचे अवशेष अजून आहेत. पण आपल्याला जायचं आहे मांडवी खाडीवर. तिथं स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं. त्यांची काहींची मुळं चिखलातून काठीसारखी वर येतात आणि हवेतून श्वास घेतात, काहींची मुळं खोडापासून खाली तंबूच्या दोरांसारखी पसरतात. या मुळांत मासे, कोळंबी, खेकडे अंडी घालतात, पिल्लं वाढतात. भरतीच्या लाटा किनारा कापून नेतात, त्यांना ही झाडं अडवतात. आपल्या वावराच्या धुऱ्यावरची झाडं माती धरतात तसंच. पूर्वी हीच झाडं सरपणाला तोडली जात.

या बाया मच्छीमार घरांतल्या. मासे विकायचं काम त्यांच्या हाताला होतंच. सरकारचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीनं त्यांनी प्रशिक्षण घेतलं आणि २०१७ मध्ये सफर सुरू केली. होडी त्या स्वतः वल्हवतात. इंजिन नाही, त्यामुळे पक्षी उडत नाहीत आणि डिझेलचा खर्चही नाही. झाडांची नावं, कोणतं पान खारट लागतं, कोणत्या झाडावर कोणता पक्षी बसतो, हे त्याच सांगतात. ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांनी नवीन काही आणलं नाही. खाडी दारातली, होडी घरातली, झाडांची माहिती लहानपणापासूनची. फक्त या माहितीला किंमत आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. गटाला होडीचं कर्ज, लाइफ जॅकेट, वेळापत्रक, आलेले पैसे वाटायची पद्धत, या गोष्टी बसवाव्या लागतात, आणि आपल्या गटांचं घोडं नेमकं तिथंच अडतं. म्हणून होडीत बसून फोटो काढून परत यायचं नाही. आधी फोन करून वेळ मागायची, भरती कधी आहे त्यावर सफरीची वेळ ठरते, आणि सफर झाल्यावर अर्धा तास बसून बोलायला मिळेल का हे विचारायचं. त्यांचा वेळ जातो, तर त्याचे पैसे द्यायला आपण मागेपुढे पाहू नये.

विचारायचं काय, तेही सांगून ठेवते. पावसाळ्यात होडी बंद असते तेव्हा घर कसं चालतं? एखादी आजारी पडली, बाळंतीण झाली, तर तिचा हिस्सा तिला मिळतो का? पैसे कोणाच्या खात्यात येतात? पहिल्या वर्षी घरच्यांनी काय म्हटलं? शेवटचा प्रश्न नक्की विचारा, आपल्या सुनांच्या कामाला येईल.

वेंगुर्ल्यात आणखी दोन जागा. नगर परिषदेनं कचऱ्याचं वर्गीकरण इतकं मनावर घेतलं की गावाचा कचरा डेपो लोक सहलीला जातात अशी जागा झाली. तिथं ओला कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, त्याचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरतात. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आपल्या भगिनींनी ते जरूर पाहावं. दुसरी जागा म्हणजे १९५७ पासूनचं फळ संशोधन केंद्र. वेंगुर्ला एक, वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात अशा काजूच्या जाती इथूनच निघाल्या. वेंगुर्ला काजूला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये मिळालं.

काजूचं निघालंच आहे तर खरेदीचं इथंच सांगून टाकते. पाकिटावर डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे एका पौंडात, साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, अख्खे काजू किती बसतात तो. म्हणजे आकडा लहान तेवढा काजू मोठा, आणि भाव जास्त. चवीत तेवढा फरक नसतो. बर्फी, भाजी, मसालेभात करायचा असेल तर पाकळी किंवा तुकडा घ्या, पुष्कळ स्वस्त पडतो. अख्खे फक्त पाहुण्यांच्या ताटलीसाठी. काजूच्या कारखान्यात बाया कवच फोडतात. त्या कवचातलं तेल हाताची सालं काढतं, म्हणून हाताला राख किंवा तेल चोळून, मोजे घालून काम करावं लागतं. घासाघीस करताना त्या हातांची आठवण असू द्या.

कोकमाचंही तसंच. तीन वस्तू असतात आणि आपल्याकडच्या बाया त्या एकच समजतात. आमसूल म्हणजे कोकमाची साल स्वतःच्याच रसात मीठ घालून पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली, ती वरणात-कढीत टाकायला. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, नारळाच्या दुधात मिसळून सोलकढी करायला. आणि सरबत म्हणजे साखरेत मुरवलेलं, पाणी घालून प्यायला. आगळ घरी नेऊन त्यात पाणी घालून प्यालात तर तोंड वाकडं होईल. आपल्या उन्हाळ्यात सरबताची एक बाटली घरात असलेली बरी.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला शिरोडा आहे. १९३० मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर याच गावच्या शाळेत अनेक वर्षं मास्तर होते. गटातल्या वाचणाऱ्या मुलींना त्यांचं संग्रहालय दाखवा.

मालवणला दोन दिवस हवेत. पहिला दिवस किल्ल्याचा. सिंधुदुर्ग किल्ला बांधायला शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरुवात केली. समुद्रातल्या कुरटे बेटावर, पायात शिसं ओतून. जेट्टीवरून होडीनं पंधरा मिनिटांच्या आत पोचतो. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड पाण्याच्या विहिरी. पाणी भरणारी बाई असाल तर तटबंदीइतक्याच त्या विहिरी पाहाल. महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही आत आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला, त्यात हा किल्ला आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग दोन्ही आहेत. होडीत चढता-उतरताना गुडघेदुखीवाल्यांना त्रास होतो. त्यांच्या सोबत एकेक तरणी मुलगी द्या. आणि लाइफ जॅकेट. आमच्या वेळी एका होडीवाल्यानं "पाच मिनिटांचा तर रस्ता" म्हणून जॅकेट द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा आम्ही पंधरा जणी खालीच उभ्या राहिलो. जॅकेट आली. पंधरा जणींचं भाडं कोणाला सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर जा. रापण ओढताना दिसली तर नशीब. होडीतून मोठं जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तास-दोन तास ओढल्यावर जाळं रेतीवर येतं. ज्यांनी ओढलं त्या सगळ्यांचा माशात वाटा. कोणी मालक-मजूर नाही, म्हणजे हाही एक प्रकारचा गटच. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी आल्यापासून किनाऱ्यालगत मासा उरत नाही अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. राज्य सरकारनं २०१६ मध्ये त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही. जमीन गेलेल्या गावांतल्या आपल्याला ते भांडण लवकर समजेल. समुद्राचा सातबारा नसतो, एवढाच फरक.

मासळी बाजारात भाव किलोवर कमी आणि वाट्यावर जास्त असतो. वाटा म्हणजे समोर लावलेला ढीग. विकणाऱ्या सगळ्या बायाच. त्यांचा आवाज मोठा असतो, राग नसतो. फोटो काढायचा तर आधी विचारा. आपल्यात माळकरी बाया पुष्कळ आहेत, त्यांनी काळजी करू नये. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, फणसाची भाजी असं शाकाहारी जेवण घरगुती मुक्कामाला मिळतं. फक्त आदल्या रात्री सांगा. भांडी वेगळी हवी असतील तर तेही आधीच सांगा, जेवायला बसल्यावर नाही. गोडात मालवणी खाजं घ्या, गूळ-आल्याचं, ते प्रवासात टिकतं.

मालवणच्या पुढं तारकर्ली आणि देवबाग. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. रेती पांढरी, पाणी शांत दिसतं. इथं मला सगळ्यांत गंभीर गोष्ट सांगायची आहे. आपण नदी-तलावाची माणसं, समुद्राची सवय नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या कॉलेजच्या गटातले आठ जण बुडून गेले. तरुण मुलं होती. म्हणून भरती-ओहोटी समजून घेऊनच पाण्यात पाय घालायचा. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. सहा तासांपेक्षा थोड्या जास्त वेळानं पाळी बदलते, आणि रोज ती वेळ पाऊण-एक तासानं पुढं जाते. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे, तो कॅलेंडर पाहून आपल्यालाही करता येतो. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा मागेपुढे होतो, नक्की वेळ तिथल्या माणसाला विचारायचीच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं ओढतं. उतरत्या पाण्यात आत जायचं नाही. नदीच्या मुखाशी तर मुळीच नाही. साडीत कमरेपर्यंतच्या पाण्यात शिरायचं नाही, ओली साडी पायात गुंडाळते. घोट्याएवढ्या पाण्यात बसा, लाट अंगावर घ्या, पोटभर हसा. पाण्यात असताना दोघी जणी काठावर उभ्या राहून फक्त डोकी मोजतील, ही पाळी आतापासूनच लावून ठेवा.

मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. जून-जुलैत मासेमारीही बंद. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ. त्यातही आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा लक्षात ठेवा. तिची तारीख पंचांगात नसते, देवीला कौल लावून ठरवतात. त्या दिवसांत मुंबईची सगळी गर्दी तिकडे लोटते, गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

देवगड हापूसचं गाव, पण हापूस एप्रिल-मे मधला. हिवाळ्यात झाडांवर मोहोर दिसेल, आंबा नाही. वेळ असला तर समुद्राकाठचं कुणकेश्वराचं मंदिर पाहा. कणकवलीत भालचंद्र महाराजांचा मठ आहे, आणि जवळच वागद्याला कोकणचे गांधी म्हणवले गेलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. परतीची गाडी कणकवलीहून असेल तर दोन्ही होतात.

मुक्काम हॉटेलात नको, घरगुती घ्या. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदलेली घरं मालवण-तारकर्ली भागात भरपूर आहेत. बऱ्याच ठिकाणी कारभार घरची बाईच बघते. तिच्या स्वयंपाकघरात जा, मदत करा म्हणून नाही, बघा म्हणून. एका ताटाचा दर ती कसा ठरवते, नारळ-गॅस-स्वतःची मजुरी त्यात धरते का, उरलेल्या अन्नाचं काय करते, पाहुणा पैसे बुडवून गेला तर काय करते. एम्सच्या आसपास डबे द्यायचा किंवा खोली भाड्यानं द्यायचा विचार ज्या चार-पाच जणींच्या मनात आहे, त्यांनी वही घेऊनच जावं. राज्य सरकारचं २०२३ चं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण आहे. त्यात पर्यटनाच्या धंद्यासाठी बाईनं बँकेचं पंधरा लाखांपर्यंतचं कर्ज घेतलं तर व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठीचा धंदा त्यात बसेल का, याची चौकशी पर्यटन कार्यालयात आपण मिळून करू.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. भिवापुरी मिरची, वायगावची हळद, जवसाची चटणी, सरगुंडे असं थोडं थोडं बांधून न्या. मालवणी मसाला त्या बेडगी, संकेश्वरी मिरचीचा करतात. आपली मिरची त्यांना चाखवा, मग पुढची ऑर्डर फोनवर येते की नाही पाहा.

आता पैसे. सहलीसाठी गटाच्या निधीला हात लावायचा नाही आणि अंतर्गत कर्जही काढायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तो पैसा कोणाच्या तरी बाळंतपणाचा, कोणाच्या तरी फीचा असतो. सहलीची वेगळी पेटी ठेवा. महिन्याला दोनशे टाकले तर वर्षाला एकीचे चोवीसशे होतात. त्यात रेल्वेचं साधं शयनयान आणि एसटी बसवायची, मुक्काम-जेवणाचा दर घरमालकिणीकडून लेखी मागवायचा, आणि जे कमी पडेल ते दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून काढायचं. ज्या बहिणीला तेवढंही जमत नाही तिचं काय, हे गटानं निघण्याआधी ठरवावं. तिला मागं ठेवून गेलात तर परत आल्यावर गट पूर्वीसारखा राहणार नाही.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आधार कार्डाची झेरॉक्स आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर आणायचा आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं कागदावर लिहून आणा. आणि सफरीच्या दिवशी कोणती तिथी येते, भरती किती वाजता, हा हिशेब घरून करून या, मी तिथंच विचारणार आहे.